तेलाच्या वाटीवरचं नाव

माझ्या बायकोचं जन्माचं नाव मी माझ्या हाताने पुसलं. कानस मारून पुसलं. काम चोख झालं असं पन्नासएक वर्षं धरून चाललो होतो. ते चोख झालेलं नव्हतं, हे मला जपानात मुलीच्या घरी कळलं.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. मी भांड्यांवर नावं घालायचो. तालुक्याच्या गावी पेठेत भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर माझी बैठक. लग्नाचे हंडे, आहेराची ताटं, बारशाच्या वाट्या, सगळं माझ्या मांडीवरून जायचं. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, टक टक टक. शाळा चौथीत सुटली. पण अक्षर असं की कचेरीतले कारकून जाता जाता थांबून बघायचे. पुढे विजेवरचं पेन निघालं, घर्रकन नाव काढणारं. मालकांनी ते आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ते उचललं आणि परत त्यांच्या गादीवर नेऊन ठेवलं. शेवटपर्यंत हाताने काम केलं. त्या पेनाची अक्षरं दोन वर्षांत झिजून जातात. माझी अजून लोकांच्या घरच्या भांड्यांवर आहेत, जाऊन बघा.

मुलगी आम्हाला एकच. ती जपानात त्सुकुबा नावाच्या गावी असते, बियाण्यांवर संशोधन करते. जावईबापू तिथल्याच विद्यापीठात. गाव सगळं आखून वसवलेलं. रुंद रस्ते, झाडं रांगेत, सायकलींना वेगळी वाट. मुलीला दिवस गेले तेव्हा तिने आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. बायकोने बॅगेत डिंक घेतला, हळीव घेतले, जुन्या लुगड्याची दुपटी घेतली आणि पितळेची एक लहान वाटी घेतली. मी म्हटलं, "तिथे वाट्या मिळत नाहीत होय?" तर म्हणाली, "मिळत असतील. ही नाही मिळायची."

वाटी मुठीत मावेल एवढी. बाळाला चोळायचं तेल त्यात कोमट करायचं. आमच्या मुलीला तिच्यातल्याच तेलाने चोळलं होतं. वाटीच्या अंगावर बायकोचं लग्नानंतरचं नाव, माझ्या हातचं, ठसठशीत.

नात झाली. मुलगी दवाखान्यातून घरी आली त्या दिवसापासून घरात एकच विषय, नाव काय ठेवायचं. तिथे असा नियम आहे की बाळ जन्मल्यावर चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन नोंद करायची, नावासकट. आपल्याकडे दाखल्यावर महिनोन्‌महिने नावाची जागा कोरी राहते, तसं तिथे चालत नाही. जावईबापूंनी यादी करून फ्रिजवर चिकटवली होती. जपानी माणसाला म्हणता आलं पाहिजे, पुण्याच्या आजीला, म्हणजे त्यांच्या आईला, आवडलं पाहिजे आणि अर्थ चांगला पाहिजे, अशा त्यांच्या अटी. ज्या नावात ल होता ती सगळी पहिल्याच दिवशी खोडली गेली, कारण तिथली माणसं ल चा र करतात. मला विचारलं, "आबा, तुम्हाला यातलं कुठलं पसंत आहे?" मी म्हटलं, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही ठरवा, मी भांड्यावर घालतो."

सातव्या दिवशी सकाळी बायको पाय पसरून बसली होती, पायांवर नात, बाजूला तेलाची वाटी. मुलगी समोर बसून बघत होती. एकदम म्हणाली,

"आई, सगळे बोललो, तू एकदाही बोलली नाहीस. तू सुचव ना एखादं."

बायकोचा हात थांबला नाही. म्हणाली, "माझं द्या."

"तुझं?" मुलगी हसली. "तुझं चांगलंच आहे गं, पण तुझ्याच नावाने तिला हाक मारायची, रागवायचं, कसं वाटेल?"

"ते नव्हं. माझं. हौसा."

या लिखाणात मी आमच्या घरच्या माणसांतलं एकच नाव लिहिणार आहे, ते हे.

मुलीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला आईचं हे नाव ठाऊकच नव्हतं. कळणार कसं? आजोळची म्हातारी माणसं तिला समज यायच्या आधीच गेली. मामा लोक आपल्या बहिणीला 'बाय' म्हणायचे. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे नवं नाव. मी तर बायकोला नावाने हाक मारलीच नाही कधी. आमच्या वेळी मारत नसत. 'अगं' म्हटलं की झालं.

"हौसा?" मुलगी म्हणाली. "म्हणजे काय, हौसेची?"

"चार भाऊ झाले माझ्या आधी," बायको नातीच्या दंडाला तेल लावत सांगायला लागली. "चार पोरगे म्हटल्यावर गावाच्या लेखी घर भरलं. पण माझ्या वडलांना पोरगी पाहिजे होती. लोकं म्हणायची, तुला काय कमी आहे? ते म्हणायचे, कमी काही नाही, हौस आहे. पाचव्या खेपेला मी झाले. आजी दारात येऊन म्हणाली, पोरगी झाली बाबा. तशीच म्हणाली, तोंड पाडून. वडील म्हणाले, पोरगी नाही, माझी हौस झाली. तेच नाव पडलं. आमच्या आळीत एक नकोशी होती, एक धोंडी होती, एक पुरे म्हणून पुरी होती. मी एकटी हौसा."

असं सगळं ती एका दमात कधी बोलली नव्हती. निदान माझ्यासमोर तरी नाही.

मुलीचे डोळे भरले. मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण मी बसलो नाही.

"हौसा काय नाव आहे का आताच्या काळात?" मी म्हटलं. "आईबाप दोघं डॉक्टरेट झालेले आणि पोरगी हौसा? उद्या शाळेत पोरं हसतील."

"इथली पोरं का हसतील आबा?" मुलगी म्हणाली. "त्यांना काय माहीत हे नाव जुनं की नवं? त्यांना सगळी सारखीच."

"गावाकडे आल्यावर हसतील."

"गावाकडे कोण राहिलंय हसायला?" बायको म्हणाली.

"तू थांब. फ्रिजवर एवढी नावं आहेत, त्यातलं ठेवा."

मुलगी माझ्यावर गेली आहे. तिने माझ्याकडे पाठ केली आणि आईला विचारलं, "तुझं नाव बदललं कुणी?"

"लग्नात बदलायचेच तेव्हा. सगळ्यांचंच बदलायचे."

"नवं कुणी सुचवलं?"

"सुचवलं असेल कुणीतरी." असं म्हणून तिने वाटीत बोटं बुडवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

खरं ते लिहितो. नाव मी सुचवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा माझा हात धंद्यात बसलेला होता. कुठलं नाव कसल्या भांड्यावर येतं हे माझ्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. हौसा, ठकू, बायजा ही नावं पातळ पत्र्याच्या भांड्यांवर यायची. मामलेदारांच्या बाईंचं नाव जाड पितळेच्या हंड्यावर आलं होतं, मी स्वतः घातलं होतं. तेच उचललं. तांदळाचं ताट पुढे आलं, मी अंगठीने त्यात ते नाव काढलं. मांडवातली माणसं माना पुढे करून बघत होती, अक्षर बघा म्हणत होती. माझी छाती फुगली. नवरीला नाव आवडलं का, हे विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी विचारलं नसतं.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिच्या पेटीतून वाटी निघाली. बुडावर दोन अक्षरं, हौसा. बारशाला वडलांनी मुद्दाम करून घेतलेली. तेव्हा खेड्यात मुलीच्या नावाचं भांडं कोण करायचं? भांड्यावर नाव पुरुषाचं, फार तर सुनेचं. हा माणूस बारा दिवसांच्या मुलीचं नाव घालायला तालुक्याला चालत आलेला. आणि अक्षर मी बघताक्षणी ओळखलं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या माझ्या गुरूंचं होतं. त्यांच्या ह ची शेपटी खाली येताना जरा डावीकडे कलायची. तालुक्यात दुसरा नाव घालणारा नव्हता, तेव्हा यात आश्चर्य काही नाही. गुरू वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हे सगळं कळत असून मी कानस घेतली. एका घरात दोन नावं नकोत म्हणून बूड घासलं, पॉलिश पेपर मारला आणि वाटीच्या अंगावर नवं नाव घातलं, माझ्या सरळ अक्षरात. गुरूंच्या वरताण अक्षर आपलं, असं वाटायचं ते वय होतं.

त्या दिवशी त्सुकुबात मी बराच चाललो. रोज फिरायला जायचो तेव्हा स्टेशनच्या अलीकडे एका दुकानाच्या काचेपाशी थांबायचा मला नाद लागला होता. तिथे माझ्याच वयाचा एक जपानी म्हातारा शिक्के कोरत बसायचा. तिकडे सहीच्या जागी शिक्का मारतात. बँकेला शिक्का, कचेरीला शिक्का. बोटाएवढी कांडी, लाकडाची नाहीतर शिंगाची, तिच्या टोकाला नाव. नखाएवढ्या जागेत तो अक्षरं कोरायचा, तीही उलटी. कांडी लाकडी पकडीत आवळलेली, चष्मा नाकावर, सुरी अंगठ्याने पुढे ढकलायची. श्वास सोडला की सुरी चालायची, घेतला की थांबायची. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवलेला माणूस. या हातात मला काही काढता आलं नाही. दुकानात यंत्र होतं, त्यावर फडकं टाकलेलं होतं. ते बघून तर मला फारच बरं वाटलं.

नवव्या दिवशी जावईबापू म्हणाले, "आबा, चला माझ्याबरोबर. नातीसाठी शिक्का सांगून येऊ. तुम्ही रोज काचेला नाक लावून उभे असता, ते आजोबा मला विचारत होते हे गृहस्थ कोण."

मी निघालो. घरात आमची दोघांची बोलचाल बंद होती. म्हणजे मी बंद केली होती. ती तिचं काम करत होती, मला ताट वाढत होती.

दुकानात जावईबापूंनी सांगितलं की हे माझे सासरे, यांनी जन्मभर पितळेवर नावं कोरली. म्हातारा उठला. त्याने माझा उजवा हात धरला, उलटा केला आणि अंगठ्याच्या मुळाशी जो घट्टा आहे तो दाबून बघितला. मग स्वतःचा हात पुढे केला. त्याचाही घट्टा तिथेच. दोघंही हसलो. त्याने खुर्ची दिली, हिरवा चहा दिला. चहा कडू होता, मी सगळा प्यालो.

नाव काय घालायचं, त्याने विचारलं. जावईबापू म्हणाले, अजून ठरलं नाही. त्यावर तो बराच वेळ बोलला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, ठरलं की या. घाई करू नका. मुलीचा शिक्का ते आडनावाचा करत नाहीत, तिच्या नावाचा करतात. इथे लग्नानंतर बायकांचं आडनाव बहुतेक बदलतं. मग आडनावाचा शिक्का वाया जातो. नावाचा केला की जन्मभर पुरतो. ते तिचंच असतं, ते कोण बदलणार."

मी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हटलं, "त्यांना विचारा, जुन्या शिक्क्यावरचं नाव घासून त्यावर दुसरं घालून देतात का?"

म्हाताऱ्याने खणातून एक जुनी, पिवळी पडलेली कांडी काढली. जावईबापू मराठीत सांगत गेले. "लोक आणतात म्हणे. आईचा शिक्का, आजीचा शिक्का. शिंग चांगलं असतं, टाकवत नाही. घासून आमचं नाव घाला म्हणतात. हे घासत नाहीत."

म्हाताऱ्याने कांडी उलटी केली आणि दुसरं टोक मला दाखवलं. कोरं होतं.

"म्हणतायत, दुसरं टोक असतंच. जागा असते."

जागा असते. जावईबापू हे दोन शब्द सहज बोलले आणि माझ्या कानात दुसराच आवाज आला. नवी नवरी, हात ओले, उंबऱ्याच्या आत उभी. माझ्या मांडीवर वाटी, हातात कानस. ती म्हणाली होती, "बाजूला जागा आहे की वो." एवढंच. लग्नानंतर माझ्याशी ती आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. मी ऐकलं होतं. ऐकून कानस चालवली होती. आणि मग विसरून गेलो होतो, इतका की ते वाक्य कुणी बोललं होतं हेही लक्षात राहिलं नाही.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी म्हटलं, "नाव मी बदललं. मामलेदारीणबाईंचं नाव उचललं आणि हिला लावलं. हिला विचारलं नाही. आणि वाटीवरचं जुनं नाव मीच घासलं."

मुलीचा घास हातात राहिला. "कुठली वाटी?"

"आधी जेवा," बायको म्हणाली.

मी उठलो, वाटी आणली आणि खिडकीपाशी गेलो. बूड दाखवून सांगणार होतो की इथे होतं. तिरपं ऊन आत येत होतं. वाटी उन्हात धरली आणि माझा मीच थांबलो. अक्षरं दिसत होती. फिकी, पाण्याखाली असावीत तशी, पण दिसत होती. हौ आणि सा. शेपटी डावीकडे कललेली. गुरूंचा ठोका खोल बसायचा. मी वरचा धातू काढला होता, खालचा दबलेला तसाच राहिला होता. भांडं म्हणून मी ती वाटी पुन्हा हातात घेतली असेन, उन्हात धरून बघितली नव्हती. माझं काम मी कशाला तपासतोय?

मुलगी येऊन उभी राहिली. "आई, हे दिसतं हे तुला माहीत होतं?"

"घासतं कोण ती? मीच ना? चिंच लावून अंगठा फिरवला की बोटाला लागतं."

"आणि तू कधी बोलली नाहीस आबांना?"

"कशाला? परत घासली असती."

खरं होतं. घासली असती.

मुलगी माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही जन्मभर लोकांची नावं..." आणि थांबली.

"बोल."

"मी नाही बोलत. तुम्हीच बोला काय ते."

"हौसाच ठेवा," मी म्हटलं.

जावईबापू म्हणाले, "पण आबा, परवा तुम्हीच म्हणालात पोरं हसतील."

"हसू देत. जो हसेल त्याच्याशी मी बोलतो."

"जपानीत?"

"जपानीत."

बायको पदराआड हसली. पण जावईबापू लगेच हो म्हणाले नाहीत. मुलगी त्यांची आहे, त्यांनी विचार करायचाच होता. नाव दोनचार वेळा पुटपुटून बघितलं. मग म्हणाले, "मला अर्थ नीट सांगा. पाळणाघरात विचारतील, मला जपानीत सांगायला लागेल."

मुलगी म्हणाली, "इथे नोझोमी नाव असतं मुलींचं. म्हणजे इच्छा, आशा. तसंच म्हणायचं."

"आशा नव्हं," बायको म्हणाली. "आशा लावून बसतात ती गरजू माणसं. माझ्या वडलांना गरज नव्हती. गरज नसताना पाहिजे होते मी."

जावईबापूंनी हे ऐकलं, उठले आणि फ्रिजवरची यादी काढून घडी करून खिशात ठेवली. माणूस मोठा. आपली अठरा नावं बाजूला ठेवायला मन लागतं. माझ्या त्या वयात मला ते नव्हतं.

अकराव्या दिवशी वाटी घेऊन मी परत शिक्क्यांच्या दुकानात गेलो. जावईबापू बरोबर होते. मला छिन्नी पाहिजे होती. म्हाताऱ्याकडे लाकूड आणि शिंग कोरायच्या सुऱ्या, पितळेला त्या चालत नाहीत. त्याने आत जाऊन लोखंडी पेटी आणली, त्याच्या वडलांची. तीत बारीक पोलादी छिन्न्या होत्या, तेल लावून कापडात गुंडाळलेल्या. एक माझ्या हाताला बसली. त्याने आपली जागा सोडली आणि मला तिथे बसवलं. दुसऱ्याच्या बैठकीवर मी जन्मात बसलो नव्हतो, आणि माझ्या बैठकीवर कुणाला बसू दिलं नव्हतं.

वाटी पालथी घातली. खाली घडी केलेलं फडकं. दिवा तिरपा केला. फिकी अक्षरं वर आली. मनात म्हटलं, आपल्या अक्षरात घालू, सरळ, देखणं. छिन्नीचं टोक टेकवलं तर ते आपण होऊन गुरूंच्या खाचेत जाऊन बसलं. मग मी वाद घातला नाही. त्यांच्याच वाटेने गेलो. ठोक्यावर ठोका, जिथे त्यांचा हात वळला तिथे माझा वळवला. दोन अक्षरांचं काम, एरवी दोन मिनिटांचं. मला अर्धा तास लागला. हात आता थरथरतो. पण शेपटी डावीकडे कलली ती थरथरीने नव्हे, ती कलायचीच होती.

मी कोरत होतो तेव्हा जावईबापूंनी म्हाताऱ्याला नावाचा अर्थ सांगितला. गरज नसताना मनापासून पाहिजे होती ती. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. काम झाल्यावर त्याने बुडाला लाल शाई लावली आणि कागदावर ठसा घेतला. अक्षरं उलटी उमटली. तो जन्मभर उलटंच वाचत आलेला. त्याने तो कागद जपून आपल्या टेबलासमोर भिंतीला लावला, दोन्ही हातांनी.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पुण्याहून बाळाची आत्या फोनच्या पडद्यावर आली, तिने तिथूनच कुर्र केलं. पाळणा म्हणजे कपडे वाळत घालायची वेताची टोपली, तिला बायकोने दुपट्याची झालर लावली होती. मग मुलगी म्हणाली, "आता आबा, तुम्ही सांगा तिच्या कानात."

"आधी आईला सांगू दे."

"आई स्वयंपाकघरात आहे. तेल गरम करतेय. तुम्हीच सांगा, पुसणारे तुम्हीच ना?"

पोरीची जीभ माझीच आहे. मी वाकलो. कानात सांगायचं म्हणजे हळू सांगायचं, पण पायरीवर बसून आयुष्य गेलं, पेठेच्या आवाजावर आवाज काढायची सवय. जरा मोठ्याने गेलं.

"हौसा."

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "ओ."

मी वाकलेला तसाच राहिलो. मुलगी माझ्याकडे बघत होती. पडद्यावर आत्या "काय झालं, काय झालं" विचारत होती. बायको हात पुसत दारात आली. तिचे आईवडील गेल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती, मी तर कुठल्याच नावाने मारली नव्हती. तिच्या लक्षात आलं आणि ती लाजली. या वयात लाजली.

"पोरीला म्हणत होतो," मी म्हटलं.

"माहिताय," ती म्हणाली. "द्या ती वाटी इकडं. तेल कढलंय, कशात घेऊ?"

कालपासून माझ्याजवळच असलेली वाटी मी दिली. तिने ती घेताना पालथी केली, बुडावर अंगठा फिरवला, सवयीने, आणि अंगठा थांबला. मग पुन्हा फिरवला.

"खोल घातलंय," ती म्हणाली.

"हो."

"शेपटी तशीच ठेवली."

"तशीच होती."

ती परत आत गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावईबापू नगरपालिकेत जाऊन आले. कागदावर तिथल्या अक्षरात नाव लिहिलं होतं, मला ते वाचता येत नाही. मी मुलीला बोट ठेवून दाखवायला लावलं, कुठून कुठपर्यंत हौसा आहे ते.